फोनच्या पडद्यावर बोटाने मराठी लिहिताना

आयुष्यभर कागदावर सुवाच्य मराठी लिहीत आलेली माणसे हातात फोन आला की इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहू लागतात, किंवा लिहिणे सोडून बोलून निरोप पाठवतात. ‘ध’ची कळ कोणती आणि ‘ढ’ची कोणती, जोडाक्षर करताना पायमोड कधी द्यायची, पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसत असूनही ती अक्षरानंतर का दाबायची, हे सारे नव्याने शिकावे लागते, आणि साठीनंतर ते शिकण्याची उमेद प्रत्येकाला असतेच असे नाही. अशा माणसांसाठी हस्तलेखनाचा कळफलक ही फार मोलाची सोय आहे. पडद्याच्या खालच्या भागात बोटाने अक्षरे काढायची आणि फोनने ती टंकित मजकुरात बदलायची, एवढेच तिचे काम. बहुतेक अँड्रॉइड फोनवर ती वेगळे पैसे न मोजता मिळते. तरीही तिची माहिती फारशी पसरलेली दिसत नाही, आणि ज्यांनी ती वापरून पाहिली त्यांतले काही जण ‘माझे अक्षर फोनला लागत नाही’ असे म्हणून ती सोडून देतात. माझ्या मते यात दोष अक्षराचा क्वचितच असतो. कागदावरच्या काही सवयी सुमारे सात सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर चालत नाहीत. फोन आपले लिखाण कसे वाचतो हे एकदा समजले की त्या सवयी बदलणे अवघड जात नाही.

फोन काय वाचतो

कागदावरच्या मजकुराचा फोटो काढून त्यातली अक्षरे ओळखणे आणि लिहिता लिहिता ती ओळखणे ही दोन वेगळी कामे आहेत. फोटोत फक्त पूर्ण झालेली आकृती असते. पडद्यावर लिहिताना मात्र बोट कुठे टेकले, कोणत्या दिशेने गेले, कुठे वळले, कुठे उचलले आणि किती वेळाने पुन्हा टेकले, या सर्वांची नोंद फोनकडे असते, म्हणजे अक्षराच्या आकाराबरोबर ते काढण्याची चालही त्याला कळते. गूगलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये जीबोर्ड या कळफलकासाठी जी पद्धत मांडली, तिच्यात बोटाने काढलेली प्रत्येक रेघ आधी वक्ररेषांच्या छोट्या तुकड्यांत बसवली जाते, त्या तुकड्यांची मालिका न्यूरल नेटवर्ककडे, म्हणजे पुष्कळ नमुन्यांवरून शिकलेल्या संगणकीय रचनेकडे जाते, आणि तिथून निघालेली संभाव्य अक्षरे त्या भाषेच्या शब्दांची जाण असलेल्या दुसऱ्या प्रारूपाकडून (मॉडेलकडून) पारखून घेतली जातात. या रचनेतून लिहिणाऱ्यासाठी तीन गोष्टी निघतात: अक्षर शाळेत गिरवताना शिकवलेल्या क्रमाने काढलेले बरे, शब्द अर्धवट सोडू नये, आणि कळफलकाची भाषा अचूक निवडलेली असावी. पुढे सांगितलेल्या बहुतेक सूचना या तीन गोष्टींवरच उभ्या आहेत.

हा टप्पा गाठायला बराच काळ गेला. ॲपलने १९९३ मध्ये आणलेले न्यूटन हे हातात मावणारे यंत्र लेखणीने लिहिलेले इंग्रजी शब्द वाचण्याचा प्रयत्न करी, पण त्याच्या वाचनातल्या चुकांची त्या काळी बरीच चर्चा झाली. १९९६ मध्ये आलेल्या पाम पायलटने उलट वाट धरली. त्यातल्या ग्राफिटी या पद्धतीत जवळजवळ प्रत्येक रोमन अक्षराला हात न उचलता काढता येईल असा सोपा आकार ठरवून दिलेला होता, आणि तो माणसाने शिकून घ्यायचा होता. लिहिण्याच्या चौकोनाचे दोन भाग केलेले होते, डावीकडे अक्षरे आणि उजवीकडे आकडे, त्यामुळे इंग्रजी ओ आणि शून्य यांचा गोंधळ होत नसे. देवनागरीत एका व्यंजनाला वर मात्रा, खाली उकार, डावीकडे पहिली वेलांटी आणि उजवीकडे काना लागतो, म्हणून असा एकरेघी तोडगा तिला सहज लागू पडणारा नव्हता. बेंगळुरूच्या एचपी लॅब्समध्ये या शतकाच्या पहिल्या दशकात भारतीय लिप्यांसाठी एक वेगळी युक्ती केली गेली: व्यंजने छापलेली पाटी आणि लेखणी घ्यायची, आणि हव्या त्या व्यंजनावर टेकवून तिथेच मात्रेची खूण काढायची. संपूर्ण शब्द जसा मनात येतो तसा लिहिण्याची मोकळीक सर्वसामान्य फोनवर मिळाली ती पुढे, एप्रिल २०१५ मध्ये गूगलने ८२ भाषा आणि २० लिप्यांसाठी हस्तलेखनाचे स्वतंत्र ॲप आणले तेव्हा. मराठी त्यात पहिल्यापासून होती. आता तीच सोय जीबोर्डमध्ये सामावलेली आहे, आणि पुढचे विवेचन प्रामुख्याने जीबोर्ड धरून केलेले आहे.

कळफलक बसवणे

फोनमध्ये जीबोर्ड नसेल तर तो प्ले स्टोअरवरून घ्यावा आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन नेहमीचा कळफलक म्हणून निवडावा. नंतर कोणत्याही लिहिण्याच्या जागी बोट टेकवून कळफलक उघडावा, त्याच्या वरच्या पट्टीतले दातेरी चाकाचे चिन्ह दाबावे, ‘लँग्वेजेस’मध्ये जाऊन ‘ॲड कीबोर्ड’ निवडावे आणि यादीतून मराठी घ्यावी. मराठी निवडल्यावर तिचे निरनिराळे प्रकार चित्रांसह दिसतात: देवनागरी कळा, इंग्रजी अक्षरांतून मराठी, आणि ‘हँडरायटिंग’. त्यातला शेवटचा प्रकार निवडून खालचे ‘डन’ दाबावे. फोनची भाषा मराठी ठेवलेली असेल तर हीच नावे मराठीत दिसतील, आणि आवृत्तीनुसार ती थोडी बदलू शकतात, परंतु वाट साधारण हीच असते. मराठी ओळखण्यासाठी लागणारी माहिती फोन पहिल्यांदा उतरवून घेतो, म्हणून ही पायरी इंटरनेट चालू असताना पुरी करावी. ती एकदा उतरली की रेंज नसलेल्या गावातही लिहिता येते.

देवनागरी कळांचा प्रकारही त्याच वेळी निवडून ठेवावा, कारण हस्तलेखनात अडलेले एखादे अक्षर तिथून घेता येते. दोन्हींमध्ये ये-जा करण्यासाठी पृथ्वीगोलाचे चिन्ह असलेली कळ असते. ती दाबून धरली की बसवलेल्या सगळ्या कळफलकांची यादी समोर येते. यादी लांबवू नये. मराठी हस्तलेखन, मराठी कळा आणि इंग्रजी एवढे तीन पुरेसे आहेत, कारण पाच-सहा कळफलक असले की वयस्कर माणूस कुठल्या तरी अनोळखी कळफलकावर जाऊन अडकतो आणि परतीची वाट त्याला सापडत नाही.

मराठीऐवजी हिंदी हस्तलेखन निवडून चालेल का, असे बरेच जण विचारतात, कारण दोन्हींची लिपी एकच आहे. चालत नाही. हिंदीचे प्रारूप अक्षरांची पारख हिंदी शब्दांच्या अंदाजाने करते. मराठीत पावलोपावली लागणारा ‘ळ’, ‘ऱ्या’तला अर्धा र, ‘ॲ’ हे सारे तिथे अपवादाने येणारे, त्यामुळे मराठी माणसाने नीट काढलेले अक्षरही तिथे भलतेच वाचले जाण्याची शक्यता वाढते. कधी फोन दुकानातून येतानाच त्यात हिंदी बसवलेली असते आणि ती बदलायची राहून जाते, म्हणून वाचन सतत चुकत असेल तर सर्वांत आधी लिहिण्याच्या पट्टीवर कोणत्या भाषेचे नाव आहे ते पाहावे.

आयफोनवर जीबोर्डचे रूप थोडे निराळे आहे. तिथे हस्तलेखनाचा प्रकार दिसत नसेल तर गूगलच्या भाषांतराच्या ॲपमध्ये मराठी भाषा निवडून बोटाने लिहिण्याची सोय वापरता येते आणि तयार झालेला मजकूर उचलून हव्या त्या जागी चिकटवता येतो. हा मार्ग लांबचा आहे, पण एखादे नाव किंवा पत्ता लिहिण्यापुरता पुरतो.

पडदा, बोट आणि लेखणी

आजच्या फोनचा पडदा दाबाने चालत नाही. बोटाच्या स्पर्शाने पडद्याच्या विद्युतभारात होणारा बदल तो टिपतो. म्हणून जोराने दाबून लिहिण्याने काही साधत नाही, उलट बोट अडखळते आणि रेघ तुटते. बोटाचे टोक हलकेच टेकवून सरकवावे. नखाने लिहू नये, कारण नखाचा स्पर्श पडद्याला कळत नाही. पावसाळ्यात छत्रीखाली उभे राहून लिहिताना पडद्यावर पडलेले थेंबही स्पर्श म्हणून नोंदले जातात आणि नको तिथे अनुस्वार उमटतात, तेव्हा पडदा आणि बोट दोन्ही कोरडे करून घ्यावे. पडद्यावर लावलेली काच जाड असेल किंवा कडेने सुटलेली असेल तर बारीक वळणे हरवतात. काही फोनच्या सेटिंग्जमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवण्याची सोय असते, तिचा अशा वेळी उपयोग होतो.

स्टायलस, म्हणजे पडद्यावर लिहायची लेखणी, घ्यावा की नाही, याचा निर्णय फोन पाहून करावा. रस्त्यावर मिळणारे रबरी टोकाचे स्टायलस बोटाइतकेच जाड टेकतात, कारण पडद्याला कळण्यासाठी त्यांना तेवढी जागा व्यापावी लागते. त्यांच्याने अक्षर बारीक होत नाही, फक्त लिहिताना बोटाआड झाकला जाणारा भाग मोकळा दिसतो. ज्यांचा हात थरथरतो त्यांना पकडायला काहीतरी असल्याचा आधार मात्र त्यातून मिळतो. सॅमसंगच्या काही फोनसोबत येणारी एस पेन ही निराळी वस्तू आहे. तिच्यासाठी पडद्याखाली वेगळी यंत्रणा बसवलेली असते, त्यामुळे तिचे टोक बारीक असूनही अचूक नोंदले जाते. ती इतर फोनवर चालत नाही, तेव्हा ती वेगळी विकत घेण्यात अर्थ नाही.

लिहिण्याची पट्टी जितकी उंच तितके लिहिणे सोपे. जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये कळफलकाची उंची वाढवता येते, ती सर्वांत जास्त ठेवावी. फोन एका हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्याने लिहिण्याचा प्रयत्न करू नये. फोन टेबलावर किंवा मांडीवर सपाट टेकवावा आणि मोकळ्या हाताच्या पहिल्या बोटाने लिहावे. फोन आडवा फिरवला तर पट्टी रुंद होते, पण वरचा मजकूर जवळजवळ झाकला जातो, म्हणून तो उपाय लांब शब्दापुरताच ठेवावा.

एक शब्द एका ओघात

लिहायला सुरुवात करण्यापूर्वी पूर्ण शब्द मनात तयार असावा. बोट उचलल्यानंतर फोन क्षणभर वाट पाहतो, आणि पुढची रेघ आली नाही तर शब्द संपला असे समजून तो मजकुरात घालतो. कागदावर आपण सगळे वाक्य लिहून मग मागे येऊन अनुस्वार आणि वेलांट्या देतो. ती सवय इथे नडते. शब्दातली सर्व व्यंजने काढून झाली की लगेच त्याच ओघात मात्रा, अनुस्वार, रफार देऊन टाकावे, किंवा प्रत्येक अक्षर त्याच्या मात्रेसह पुरे करूनच पुढे जावे. मला दुसरी रीत अधिक भरवशाची वाटते, विशेषतः नवख्या माणसासाठी. वेलांटीच्या बाबतीत हस्तलेखनाचा एक मोठा फायदा आहे: पहिली वेलांटी आधी काढली काय आणि अक्षरानंतर काढली काय, ती त्या अक्षराशी जोडून वाचली जाते. कळांवर लिहिताना जो क्रम शिकावा लागतो, त्याची इथे गरज नाही.

पट्टीच्या उंचीचे मनातल्या मनात तीन भाग करावेत. मधल्या भागात व्यंजन, वरचा भाग मात्रा, वेलांटीचा फाटा, रफार आणि अनुस्वार यांच्यासाठी, आणि खालचा उकार व ऋकारासाठी. नवखी माणसे अक्षर पट्टीभर मोठे काढतात, मग ‘कृपा’मधला ऋकार खालच्या कळांवर जाऊन पडतो आणि ‘मैत्री’च्या दोन मात्रा पट्टीबाहेर निसटतात. अक्षरांची उंची सारखी राहिली तर वाचन सुधारते. सुरुवातीला मोठे आणि कडेला पोचता पोचता दाटीवाटीने बारीक, असे झाले की शेवटची अक्षरे मात्रांसारखी वाचली जाऊ लागतात.

शिरोरेघेबद्दल मतभेद आहेत. रेघ न देता लिहिलेले शब्दही फोन चांगले वाचतो, आणि रेघ टाळल्याने वेळ वाचतो हे खरे. परंतु मराठीत काही जोड्यांमधला फरक शिरोरेघेवरच अवलंबून असतो. ‘म’ आणि ‘भ’, ‘घ’ आणि ‘ध’ यांचे अंग एकसारखे असते. ‘म’ आणि ‘घ’ यांच्या डोक्यावर अखंड रेघ येते, ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या डाव्या टोकाला ती तुटते आणि तिथे छोटे वळण असते. म्हणून रेघ न देता लिहायचे असेल तर हे वळण ठसठशीत काढले पाहिजे. रेघ द्यायची असेल तर शब्द पुरा झाल्यावर डावीकडून उजवीकडे एकदाच द्यावी, प्रत्येक अक्षराला तुकड्या-तुकड्याने देऊ नये, कारण एखादा तुकडा खाली सरकला तर तो अक्षराचाच भाग ठरतो. मोडी लिहिताना मात्र आधी ओळभर रेघ आखून घेत आणि मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरे काढीत. ज्यांचा हात मोडीवर बसलेला आहे त्यांना ही सवय पडद्यावर बाजूला ठेवावी लागेल. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठराविक संकेतांक देणाऱ्या जागतिक मानकात, स्थान मिळाले, परंतु या कळफलकाच्या हस्तलेखनात मोडी वाचली जात नाही. इथे बाळबोधच लिहावी.

चुकणारी अक्षरे

सगळ्याच चुका सारख्या त्रासाच्या नसतात. ‘महाराष्ट्र’ लिहिताना पहिल्या अक्षराचे वळण ‘भ’सारखे झाले तरी भाषेचे प्रारूप ते सावरून घेते, कारण दुसरा शब्द अस्तित्वातच नाही. जिथे दोन्ही शब्द खरे आहेत तिथे मात्र ते काहीच करू शकत नाही: ‘घर’ आणि ‘धर’, ‘भात’ आणि ‘मात’, ‘बारा’ आणि ‘वारा’. अशा शब्दांत वळण, गाठ आणि पोटातली आडवी रेघ सावकाश काढावी. ‘ब’च्या पोटातली रेघ स्वतंत्रपणे, बोट उचलून काढलेली बरी. ‘थ’च्या डोक्यावरचा वळसा पुरा करावा, नाहीतर त्याचा ‘य’ होतो. ‘ष’ची तिरपी रेघ दंडाला भिडली पाहिजे. ‘ख’ लिहिताना त्याचे दोन भाग खाली जोडावेत आणि ‘र’नंतर ‘व’ येत असेल तर मध्ये स्पष्ट अंतर सोडावे, नाहीतर ‘रवाना’चे ‘खाना’ होते.

‘ल’ आणि ‘श’ यांच्याबद्दल एक खुलासा करायला हवा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमालेचे जे प्रमाणीकरण केले, त्यात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ स्वीकारलेले आहेत, आणि आपल्याकडे हात त्यावरच बसलेला असतो. पट्टीवर असा ‘ल’ काढला आणि वर मजकुरात हिंदी वळणाचा दंडयुक्त ‘ल’ उमटला, तर फोनने अक्षर चुकवले असे समजू नये. युनिकोडमध्ये दोन्हींचा संकेतांक एकच आहे. कोणता आकार दिसावा हे त्या फोनमधला फाँट ठरवतो. तोच मजकूर दुसऱ्याच्या फोनवर पाकळीच्या ‘ल’ने दिसू शकतो.

खरी काळजी घ्यावी लागते ती ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ बोलावणे वेगळे आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावणे वेगळे. रफार डोक्यावर जातो, तर हा अर्धा र पुढच्या अक्षराच्या डावीकडे, शिरोरेघेच्या खाली, छोट्या कोयरीसारखा येतो. पट्टीवर तो किंचित मोठा काढावा आणि पुढच्या ‘य’ला किंवा ‘ह’ला अगदी लगटून काढू नये. तरीही तो हुकला तर वरच्या पट्टीत सुचवलेले पर्याय पाहावेत, आणि तिथेही नसेल तर देवनागरी कळांवर जाऊन ‘ऱ’, पायमोड आणि ‘य’ असे लिहावे. कऱ्हाड, पऱ्हे, ‘साताऱ्याला’ अशी नावे आणि रूपे रोज लागतात. तेवढ्यासाठी ‘र्य’ लिहून मोकळे होणे मला पटत नाही, कारण वाचणाऱ्याला तो वेगळाच शब्द ऐकू येतो.

विसर्ग आणि अपूर्णविराम दिसायला एकसारखे असल्याने ‘दुःख’मध्ये कधी विसर्गाऐवजी विरामचिन्हाचे दोन ठिपके येतात. डोळ्यांना फरक कळत नाही, पण शोध घेताना तो शब्द सापडत नाही. ‘ॲ’चेही तसेच आहे. हे अक्षर स्वतंत्र संकेतांकासह युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. त्याआधीपासून ‘अ’वर चंद्र देऊन ते दोन चिन्हांनी लिहिले जात असे आणि अजूनही कधी तसे लिहिले जाते. ज्या मजकुरात पुढे शोध घ्यायचा आहे, उदाहरणार्थ सभासदांची यादी किंवा ग्रंथालयाची नोंद, तिथे ही अक्षरे कळांवरून घ्यावीत. पूर्णविराम, स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्हही शक्यतो कळांवरूनच द्यावेत, कारण बोटाने टेकवलेला ठिपका हा अनुस्वार आहे की पूर्णविराम हे केवळ त्याच्या उंचीवरून ठरवणे फोनला जड जाते.

लांब शब्द

मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात, त्यामुळे ‘ग्रामपंचायतीसमोर’ किंवा ‘विद्यार्थ्यांबरोबरच’ असे शब्द सहज तयार होतात, आणि ते एका पट्टीत मावत नाहीत. अक्षर बारीक करून ते कोंबण्यापेक्षा शब्द दोन भागांत लिहिलेला चांगला. तोडायचा तो अव्ययाच्या आधी: ‘ग्रामपंचायती’ आणि ‘समोर’. असे केल्याने दोन्ही तुकडे भाषेच्या प्रारूपाच्या ओळखीचे राहतात. तोच शब्द ‘ग्रामपंचा’ आणि ‘यतीसमोर’ असा तोडला तर दोन्ही तुकडे अनोळखी होतात आणि फोन त्यांना ओळखीच्या कुठल्या तरी शब्दाकडे ओढतो. सामान्यरूपाच्या शेवटी अनुस्वार असेल, जसे ‘विद्यार्थ्यां’, तर पहिला तुकडा लिहिल्यावर तो अनुस्वार टिकला आहे ना ते पाहावे; फोन बहुधा त्याला एखादा प्रत्यय जोडून पाहतो. दोन तुकड्यांमध्ये फोन बहुतेक वेळा आपण होऊन मोकळी जागा सोडतो, म्हणून दुसरा तुकडा उमटल्यावर त्याच्या सुरुवातीला बोट टेकवून खोडण्याची कळ एकदा दाबावी, म्हणजे शब्द जुळून येतो. ही पायरी विसरली की ‘शाळे साठी’, ‘घरा पासून’ असे तुटके मराठी तयार होते. लिहून झाल्यावर एकदा फक्त या तुटलेल्या जागांसाठी मजकूर वाचून घ्यावा.

शब्द चुकला तर त्यातले एकच अक्षर खोडून त्या जागी नवे बसवण्याचा खटाटोप करू नये. एकटे अक्षर ओळखताना फोनला आजूबाजूच्या अक्षरांचा आधार मिळत नाही आणि तीच चूक पुन्हा होते. आधी वर सुचवलेल्या पर्यायांवर नजर टाकावी. हवा तो शब्द बऱ्याचदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी असतो. तिथे नसेल तर पूर्ण शब्द खोडून पुन्हा लिहावा. दुसऱ्या वेळी जोराने दाबून किंवा अतिशय सावकाश लिहिल्याने वाचन सुधारत नाही. अक्षरांमधले अंतर थोडे वाढवल्याने सुधारते.

नावे आणि आकडे

राज्याच्या जमीन नोंदींच्या महाभूलेख या संकेतस्थळावर सातबारा गट क्रमांकावरून शोधता येतो, तसाच खातेदाराच्या नावावरूनही शोधता येतो, आणि ते नाव देवनागरीत लिहावे लागते. ज्या शेतकऱ्याला मराठी कळफलक येत नाही त्याला आपले आडनाव बोटाने लिहिता येणे ही इथे खरी मदत आहे. मात्र नावांच्या बाबतीत भाषेचे प्रारूप उपकारक असते तितकेच घातकही असते, कारण ते नेहमीच्या रूपाकडे झुकते. नोंदीत ‘सुनिता’ असेल आणि फोनने ‘सुनीता’ केले, तर शोध रिकामा परत येईल. अर्ज भरताना तर हा फरक कागदपत्रांच्या पडताळणीपर्यंत पोचतो. म्हणून नाव लिहून झाल्यावर ऱ्हस्व-दीर्घ कागदाशी अक्षरशः ताडून पाहावे, आणि आपण लिहिले ते जसेच्या तसे देणारा पर्याय वरच्या पट्टीतून निवडावा. स्वतःचे पूर्ण नाव आणि पत्ता एकदा बिनचूक लिहून जीबोर्डच्या क्लिपबोर्डमध्ये (उचललेला मजकूर साठवण्याच्या जागेत) पिन करून, म्हणजे कायम राहील असा, ठेवला तर प्रत्येक अर्जात तो पुन्हा लिहावा लागत नाही. पिन केले नाही तर तिथली नोंद काही वेळाने आपोआप पुसली जाते.

आकडे बोटाने लिहू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठी १ आणि इंग्रजी नऊ यांचे आकार जवळजवळ एकच आहेत; मराठी ० आणि इंग्रजी शून्य यांत फरकच नाही; ५ आणि ६ यांचे हाताने काढलेले वळण एकमेकांत मिसळते. फोन क्रमांक, खाते क्रमांक, गट क्रमांक, रक्कम आणि औषधाची मात्रा यांत भाषेच्या प्रारूपाचा काहीच आधार मिळत नाही, कारण कोणताही आकडा कोणत्याही आकड्यानंतर येऊ शकतो. त्यासाठी आकड्यांच्या कळा वापराव्यात. पासवर्ड आणि ओटीपी यांनाही हाच नियम लावावा.

घरातल्या मोठ्यांना शिकवताना

आई-वडिलांच्या किंवा आजी-आजोबांच्या फोनवर ही सोय बसवून देणाऱ्याने पहिल्याच दिवशी लांबलचक निरोप लिहायला लावू नये. आधी त्यांचे स्वतःचे नाव, मग नातवंडांची नावे, मग गावाचे नाव, असे ओळखीचे शब्द लिहून घ्यावेत. त्यांच्या लेखनाकडे पाहून कोणते अक्षर सतत चुकते ते टिपावे आणि फक्त त्याच अक्षराचे वळण दाखवावे. सगळ्या सूचना एकदम दिल्या की हात आखडतो. जुन्या वळणाचा ‘अ’, ‘झ’ किंवा ‘ण’ लिहिणाऱ्यांना प्रचलित वळण एकदा कागदावर काढून द्यावे. पट्टीवर लिहिताना त्यांची नजर वरच्या मजकुराकडे जात नाही, त्यामुळे प्रत्येक शब्दानंतर वर पाहण्याची सवय सुरुवातीलाच लावावी. डोळ्यांना त्रास होत असेल तर फोनमधल्या अक्षरांचा आकार वाढवून द्यावा, म्हणजे चूक लगेच दिसते.

हस्तलेखन प्रत्येक कामाला योग्य नाही, हेही त्यांना सांगावे. दोन-तीन ओळींचा निरोप, नाव, पत्ता, शोधाचा शब्द, वाढदिवसाच्या शुभेच्छा यांसाठी ते उत्तम आहे. पानभर मजकूर लिहायचा असेल तर बोट दुखू लागते आणि वेग अपुरा पडतो. अशा वेळी बोलून लिहिण्याची सोय वापरावी. जीबोर्डमध्ये मराठीसाठी ती २०१७ पासून आहे, आणि शांत खोलीत ती चांगले काम देते. ज्यांना बोलून लिहिणे नको आहे आणि हस्तलेखनाचाही कंटाळा येतो, त्यांनी आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात तयार झालेला स्वरचक्र हा कळफलक पाहावा. त्यात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली असतात आणि व्यंजन दाबून धरले की त्याची बाराखडी भोवती चक्राकार उघडते, म्हणजे शाळेत पाठ केलेला क्रमच तिथे कामी येतो. बोललेल्या मजकुरातली नावे, ‘ऱ्या’ची रूपे आणि विरामचिन्हे मात्र हमखास तपासावी लागतात, आणि ती दुरुस्त करण्यासाठी चुकलेला शब्द खोडून त्या जागी बोटाने लिहिणे हा सर्वांत सोपा उपाय ठरतो, म्हणून बोलून लिहिणाऱ्यांनीही हस्तलेखनाचा कळफलक यादीतून काढून टाकू नये.